एक जागा

आशियातल्या राष्ट्रीय संघांची पुरुषांची बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९६० साली मनिलात सुरू झाली. आज तिला आशिया चषक म्हणतात. तिच्यात प्रत्येक देशाला बारा खेळाडू उतरवता येतात, आणि फीबाचा, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाचा, नियम असा आहे की वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्याला त्या देशाचं नागरिकत्व मिळालं, असा खेळाडू या बारांत फार तर एक असावा. अकरा घरचे, एक बाहेरचा.

नियम पहिल्यांदा वाचला की जरा हसू येतं. फोडणीत हिंग किती घालावा हे सांगावं तसा तो आहे. चिमूटभर असला तर स्वाद, मूठभर पडला तर भाजी फुकट. पण हसू ओसरलं की प्रश्न उरतो. बाहेरून आणलेला खेळाडू देशाकडून खेळणं योग्य असेल, तर एकच का? अयोग्य असेल, तर एक तरी का? ज्याला पासपोर्ट मिळाला तो कायद्याने पूर्ण नागरिक. मग खेळाच्या मैदानावर तो अर्धाच नागरिक कसा? आणि सोळा वर्षांचाच उंबरठा का? माणूस पंधराव्या वर्षी देशाचा होऊ शकतो आणि सतराव्या वर्षी होऊ शकत नाही, असं काही आहे का?

महासंघाचं उत्तर व्यवहाराचं आहे. ही मर्यादा नसेल तर पैसेवाले देश अमेरिकेतून आख्खे संघच विकत आणतील. ही भीती खोटी नाही. २०१५ साली पुरुषांच्या हँडबॉल विश्वचषकात यजमान कतार उपविजेता ठरला. त्या संघात बाल्कन देशांतले, फ्रान्सचे, स्पेनचे, क्यूबाचे खेळाडू कतारच्या गणवेशात होते. हँडबॉलमध्ये अशी संख्येची मर्यादा नव्हती. पण भीतीतून आलेला नियम काय रोखायचं ते सांगतो, काय चूक ते सांगत नाही. चूक नेमकी कशात आहे ते मला समजून घ्यायचं आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप असा : राष्ट्रीय संघांची स्पर्धा ही सर्वोत्तम खेळाडू निवडण्यासाठी नसतीच. त्यासाठी क्लब आहेत, लिलाव आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत एक समाज दुसऱ्या समाजाला विचारतो : तुमच्या शाळांतून, गल्ल्यांतून, तुमच्या खाण्यापिण्यातून आणि शिस्तीतून काय तयार झालं ते दाखवा. त्यात दुसऱ्याच्या अंगणात वाढलेलं झाड आणून लावलं तर मोजमापच बिघडतं. कोण जिंकलं ते कळतं, पण काय मोजलं ते कळत नाही.

हा आक्षेप मला बराच काळ पटत असे, आणि अजूनही त्याचा काही भाग पटतो. पण तो टोकापर्यंत नेला की अडचणी सुरू होतात. पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भमरा घ्या. २०१५ साली एनबीएच्या निवडीत डॅलसने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेल्या खेळाडूच्या वाट्याला हे प्रथमच येत होतं. त्याची सुरुवात लुधियानाच्या अकादमीत झाली, पण चौदा-पंधराव्या वर्षापासून तो फ्लोरिडातल्या अकादमीत वाढला. त्याला कोणी घडवलं? 'ज्याने घडवलं त्याचा खेळाडू' ही कसोटी लावली तर सतनाम निदान अर्धा फ्लोरिडाचा निघतो. आणि फिलिपाइन्सकडून खेळलेला जॉर्डन क्लार्कसन? त्याचं आजोळ फिलिपाइन्सचं, तरी २०२३ च्या विश्वचषकात तो त्या एका 'बाहेरच्या' जागेवर खेळला. रक्ताची कसोटी लावली तर तो घरचा, कागदाची लावली तर बाहेरचा. (खंडांचीही हीच गंमत आहे. ऑस्ट्रेलिया २०१७ पासून या आशियाई स्पर्धेत खेळतो आणि तेव्हापासूनचे तिन्ही चषक त्यानेच नेले. ऑगस्ट २०२५ मध्ये जेद्दाला त्याने चीनला ९०-८९ असं एका गुणाने हरवलं. नकाशालाही कधी कधी नागरिकत्व मिळतं.)

थोडक्यात, जन्म, रक्त, संगोपन यांतली एकही कसोटी एकटी टिकत नाही. म्हणून मला वाटतं की प्रश्न खेळाडूला विचारून सुटणार नाही. तो देशाला विचारायला हवा. 'तू आमचा आहेस का?' या प्रश्नाला काही अर्थ यायचा असेल तर 'आम्ही तुझे आहोत का?' हेही बरोबर विचारावं लागतं.

दोन माणसांच्या गोष्टी शेजारी ठेवून पाहू.

पहिला जस्टिन ब्राउनली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जन्मलेला. २०१६ पासून तो मनिलाच्या बारांगाय हिनेब्रा या क्लबसाठी परदेशी खेळाडू म्हणून खेळत होता. जानेवारी २०२३ मध्ये फिलिपाइन्सच्या संसदेने खास कायदा करून त्याला नागरिकत्व दिलं. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई खेळांत उपांत्य सामन्यात त्याच्या शेवटच्या क्षणांतल्या बास्केटांनी फिलिपाइन्सने चीनला ७७-७६ असं नमवलं, आणि अंतिम सामन्यात जॉर्डनला हरवून ६१ वर्षांनी बास्केटबॉलचं सुवर्ण घरी नेलं. मौज म्हणजे त्या अंतिम सामन्यात जॉर्डनकडून खेळणारा रॉन्डे हॉलिस-जेफरसनही अमेरिकेत जन्मलेला, आणि तोही मनिलाच्या लीगमध्ये ब्राउनलीविरुद्ध खेळलेला. दोन आशियाई देशांची प्रतिष्ठा दोन अमेरिकी माणसांच्या मनगटावर. यावर कोणीही कुत्सितपणे हसू शकेल. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. स्पर्धेनंतर ब्राउनली उत्तेजक चाचणीत अडकला आणि त्याच्यावर काही महिन्यांची बंदी आली. देशाने त्याला झटकून टाकलं नाही. बंदी संपेपर्यंत लोक थांबले, आणि संपल्यावर तो पुन्हा त्याच गणवेशात मैदानात आला.

दुसरा रिकार्डो रॅटलिफ. तोही अमेरिकेचा, कोरियाच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळलेला. जानेवारी २०१८ मध्ये कोरियाने त्याला विशेष नागरिकत्व दिलं. त्याने नाव बदललं : रा गुन-आ. त्याच वर्षीच्या आशियाई खेळांत कोरियाला कांस्य मिळालं तेव्हा तो संघाचा आधारस्तंभ होता. पुढची सहा वर्षं तो देशासाठी खेळला. २०२४ मध्ये करार संपला. तेव्हा कोरियाच्या लीगने ठरवलं की क्लबच्या सामन्यांत हा खेळाडू यापुढेही परदेशी खेळाडूंच्या कोट्यातच मोजला जाईल.

लीगची बाजू समजण्यासारखी आहे. एवढ्या उंचीचा आणि ताकदीचा माणूस एखाद्या क्लबला 'देशी' म्हणून मिळाला तर तो क्लब बाकीच्यांना भारी पडणार. हिशेब म्हणून निर्णयात खोट काढणं कठीण. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. नाव कोरियन, पासपोर्ट कोरियन, राष्ट्रगीताच्या वेळी सहा वर्षं छातीवर हात. आणि आपल्याच देशात पोटापाण्याचं काम मागायला गेला तर सांगतात, परदेशी लोकांच्या रांगेत उभे राहा. देशाला तो हवा होता तेव्हा तो कोरियन होता. त्याला देश हवा होता तेव्हा तो नव्हता.

मला अन्याय दिसतो तो इथे. बाहेरचा माणूस आत आला हा अन्याय नव्हे. त्याला आत घेताना दार अर्धंच उघडलं, हा अन्याय आहे. नागरिकत्व ही अशी गोष्ट आहे की एकदा दिली की तिच्यावर कामगिरीची अट राहू नये. मी आळशी असलो, आजारी पडलो, गुडघा मोडून बसलो, तरी माझं नागरिकत्व शिल्लक राहतं. तेच तर त्याचं मोल. गुण मिळवण्याच्या बदल्यात दिलेलं आणि गुण संपल्यावर विरघळणारं नागरिकत्व ही नोकरी झाली, तीही निवृत्तिवेतनाशिवायची. यात बास्केटबॉल बिघडतो की नाही हा नंतरचा मुद्दा. बिघडतं ते नागरिकत्व.

आपल्याकडे या प्रसंगाची जुनी आवृत्ती सगळ्यांना पाठ आहे. हस्तिनापूरच्या रंगमंडपात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो आणि कृपाचार्य उठून विचारतात : तुझे आईबाप कोण, कुळ कोणतं? हा पात्रतेचाच नियम होता. राजपुत्राशी द्वंद्व करायचं तर बरोबरीचा माणूस हवा. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. अभिषेक होतो, अडचण दूर. तातडीचं नागरिकत्व, सामन्यापुरतं. भीमाचे टोमणे त्यानंतरही थांबत नाहीत. कागद बदलला तरी प्रेक्षक बदलत नाहीत, हे व्यासांना ठाऊक होतं.

मराठी वाचक कर्णाकडे बहुधा 'मृत्युंजय'च्या डोळ्यांनी पाहतो आणि हळवा होतो. मला या प्रसंगात कर्णापेक्षा दुर्योधनाचं जास्त कुतूहल वाटतं. त्याचा हेतू स्वार्थी होता यात शंका नाही. अर्जुनाला तोड हवी होती. पण कर्ण विचारतो की या राज्याच्या बदल्यात मी काय द्यावं, तेव्हा तो मैत्री मागतो, आणि ती मागणी पुढे शेवटपर्यंत पाळतो. कर्ण हरला तरी, पळाला तरी, दुर्योधनाने अंगदेश परत मागितला नाही. महाभारतातल्या सर्वांत बदनाम माणसाने जे केलं तेवढंही पुष्कळ आधुनिक राज्यांना जमत नाही, हे मला चमत्कारिक वाटतं.

या गोष्टीची दुसरी बाजू अधिक टोचणारी आहे. दार कोणासाठी उघडतं यापेक्षा कोणासाठी उघडत नाही ते पाहावं. कतारच्या २००५ च्या कायद्यानुसार परदेशी माणसाला नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर सलग २५ वर्षं वास्तव्य हवं, आणि एवढं करूनही ते मिळेलच असं नाही. त्या देशातले रस्ते, मनोरे, खेळांची मैदानं ज्यांनी उभी केली त्यांत आपल्याकडचे गवंडी, सुतार, वायरमन किती तरी आहेत. रत्नागिरीचा एखादा माणूस तिथे अर्धं आयुष्य घालवतो आणि साठीला आला की सामान बांधून परत येतो. त्याने बांधलेल्या मैदानावर खेळायला मात्र दूरदेशीचा माणूस येतो आणि त्याला पासपोर्ट मिळतो. उंच माणसासाठी काही महिने, आणि राबणाऱ्यासाठी आयुष्य अपुरं. या दोन गोष्टी एकाच राज्यात शेजारी नांदत असतील तर मला त्या खेळाडूचा राग येत नाही. पण त्या पासपोर्टला 'आपलेपणा' हा शब्द लावायला मी तयार नाही.

हे सगळं मी रायपूरला बसून लिहितो आहे, आणि ते माझ्या लिहिण्यात येणारच. घरात मराठी, कामकाजात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. कोणी ओळख करून घेतलं की दुसरा प्रश्न ठरलेला : मूळचे कुठले? पिढ्या इथे गेल्या तरी उत्तर तयार ठेवावं लागतं. इथे बाहेरून आलेल्यासाठी एक शब्द आहे, परदेसिया. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही, मध्ये एक राज्याची सीमा पुरते.

आणि आपण इथे आलो ते पाहुणे म्हणून नव्हे, हे मराठी माणसाने विसरू नये. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आला. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागला. त्याने तिथे टेकडीवर रामाचं देऊळ बांधलं, त्याच्या आठवणी चांगल्याही आहेत. पण महसूल नागपूरला जात होता. म्हणजे आमचं इथलं पहिलं नागरिकत्व तलवारीच्या टोकावर घेतलेलं. त्याला कोणी कोट्याची मर्यादा घातली नव्हती.

याच शहरात एका मराठी माणसाने ते दुसऱ्या रीतीने मिळवलं. माधवराव सप्रे. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, घरची भाषा मराठी. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. त्यातली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा हिंदीतल्या अगदी पहिल्या लघुकथांत गणली जाते. टिळकांचं 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत नेलं, 'दासबोध' नेला. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. १९२६ मध्ये रायपूरलाच ते वारले. हिंदी गद्याच्या संघात हा मराठी माणूस खेळला आणि कर्णधारही झाला. सोळाव्या वर्षाआधी त्यांनी हिंदीचं नागरिकत्व घेतलं होतं का, हे कोणी तपासलं नाही. त्यांनी दिलं, भाषेने घेतलं, आणि मग भाषेनेही दिलं. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे. तिथे शिकणाऱ्या बहुतेक मुलांना ते मराठी होते हे माहीत नसेल. मला त्यात उपेक्षा दिसत नाही. आपलं मानणं पुरं झालं की मूळ विचारायचं राहून जातं.

रायपूरपासून तासाभराच्या अंतरावर भिलाई. बास्केटबॉलच्या दृष्टीने छत्तीसगढची राजधानी तीच. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि तिच्याभोवती देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या कामगारांची वसाहत उभी राहिली. तिथे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुलींचा बास्केटबॉल संघ घडवला. २०१८ मध्ये ते गेले, पण त्यांच्या हाताखालच्या मुली भारताकडून खेळल्या. सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी मूळची कानपूरची. ती भिलाईला येऊन तयार झाली आणि छत्तीसगढची म्हणून मैदानात उतरली. उलट भिलाईत वाढलेल्या कित्येक मुली पुढे रेल्वेच्या नोकरीत गेल्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून खेळल्या. छत्तीसगढने घडवायचं आणि रेल्वेने खेळवायचं, अशी तक्रार होऊ शकते. पण रेल्वे त्यांना एका स्पर्धेपुरती घेत नाही. खेळ थांबला तरी टेबल राहतं, पगार राहतो, म्हातारपणाची सोय राहते. रा गुन-आला जे मिळालं नाही ते या मुलींना एका सरकारी खात्याने दिलं. भिलाईचा हिशेब मात्र इथे पुरा होत नाही. वसाहत उभी राहिली ती ज्यांच्या शेतांवर, त्या गावांतल्या किती मुलींच्या हाती तो चेंडू आला, हा प्रश्न छत्तीसगढिया माणसाने विचारला तर तो संकुचित आहे असं मी म्हणणार नाही. आधी जे इथे होते त्यांचं देणं फेडल्याशिवाय नव्या माणसाचं स्वागत केलं, तर त्या स्वागताला हिशेबाचा वास येतोच.

राहिला भारत. आशियाई अजिंक्यपदात आपण १९७५ साली बँकॉकला चौथे आलो, त्याच्या पुढे कधीच गेलो नाही. २०२५ मध्ये जेद्दाला तिन्ही सामने हरलो. दरवेळी हरलो की कोणीतरी म्हणतं, कॅनडा-अमेरिकेतली आपल्या रक्ताची उंच पोरं आणा. सिम भुल्लर २०१५ मध्ये एनबीएत खेळणारा पहिला भारतीय वंशाचा खेळाडू, तो कॅनडाचा. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि परदेशी नागरिकांना, मग ते भारतीय वंशाचे का असेनात, देशाच्या संघात न घेण्याचं सरकारी धोरण २००८ पासूनचं आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात एक पळवाट आहे : विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती किंवा एकूण मानवी प्रगती यांसाठी मोठं काम केलेल्या परदेशी माणसाला नेहमीच्या अटी शिथिल करता येतात. यादीत तत्त्वज्ञान आहे, खेळ नाही. कायदा करणाऱ्यांना अशा माणसाची कल्पना आली नसावी, किंवा येऊनही त्यांनी ती बाजूला ठेवली असावी.

ही कडक भूमिका मला आवडते, पण तिच्या नैतिक उंचीमुळे नव्हे. आपण पुष्कळदा कडक असतो ते नुसत्या आळसाने. मला ती आवडते, कारण तिच्यात देवाणघेवाण सरळ आहे : यायचं तर पूर्ण ये, मागचा दोर कापून ये. मात्र एवढं मागणाऱ्याने तेवढंच द्यायलाही हवं, आणि त्याची कसोटी सामन्याच्या दिवशी लागत नाही. अराता इझुमी हा जपानमध्ये वाढलेला फुटबॉलपटू, वडील गुजराती, आई जपानी. आधी मुंबईला, मग पुण्याला क्लबकडून खेळला. भारताकडून खेळायचं म्हणून त्याने जपानी पासपोर्ट सोडला आणि २०१३ मध्ये भारताच्या गणवेशात उतरला. देशासाठी त्याचे सामने मोजकेच झाले. खेळ थांबल्यावर तो जपानला परतला नाही. नवी मुंबईत राहून तो लहान मुलांना फुटबॉल शिकवू लागला.